सेफएल यूएस-०५ यीस्ट: स्ट्राँग बिअर करणार असाल तर दोन पुड्या घ्या

हा रिव्ह्यू मी उशिरा लिहितोय पण मुद्दाम उशिरा लिहितोय, कारण एका बॅचवरून यीस्टबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. हे यीस्ट वापरून माझ्या घरच्या स्ट्राँग बिअरच्या तीन बॅच झाल्या. पहिली निम्म्यात अडकली, दुसरी कसली भारी झाली म्हणून सांगू, आणि तिसरी दुसरीपेक्षा पण चांगली. तिन्ही वेळेला यीस्ट हेच, सेफएल यूएस-०५. बादली तीच, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तेच, गूळ त्याच दुकानातला. पहिल्या वेळी मी यीस्ट कमी टाकलं होतं आणि महिनाभर दोष मात्र पुडीला देत बसलो होतो, तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो आणि तो अन्याय झाला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फर्मेंटिस म्हणून कंपनी आहे, लेसाफ्र ह्या फ्रेंच यीस्टवाल्यांची, त्यांचं हे कोरडं एल यीस्ट, एल म्हणजे जरा उबदार तापमानात आंबणारी बिअर. साडेअकरा ग्रॅमची पुडी येते, आत बारीक खाकी दाणे, साधारण राजगिऱ्याएवढे. अमेरिकन पद्धतीच्या स्वच्छ चवीच्या बिअरला वापरतात, म्हणजे यीस्ट स्वतःचा वास फार सोडत नाही, माल्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) पुढं येतात. तापमान १८ ते २६ अंश सांगितलंय, साखर ७८ ते ८२ टक्के खाऊन टाकतं आणि ९ ते ११ टक्के अल्कोहोलपर्यंत टिकतं. म्हणजे स्ट्राँग बिअर ह्या यीस्टला झेपते, त्यात शंका नाही.

कायद्याचं पण आत्ताच सांगून ठेवतो. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, छंद म्हणून घरात केलं तरी तोच नियम. तेव्हा आधी राज्य उत्पादन शुल्कच्या ऑफिसात नीट विचारून घ्या, आणि विकायचा तर विषयच काढू नका. पुढं जे लिहिलंय ते यीस्टचं शास्त्र म्हणून वाचा.

तर पहिली बॅच. दिवाळीनंतर केली होती. मला दाट काळी स्टाऊट बिअर करायची होती, जुन्या काळी लंडनहून रशियाच्या दरबाराला जायची तशातली, गुळाचा हात असलेली. साडेचार किलो माल्ट, त्यात थोडं भाजलेलं बार्ली, आणि सहाशे ग्रॅम काळा गूळ. बारा लिटर वर्ट, म्हणजे आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी, निघालं, हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता मोजणारी नळी) टाकला तर १.०९०. साधं पाणी १.०००, वरचे नव्वद पॉइंट जवळपास सगळे साखरेचे. लई खूश झालो मी. आधीच्या साध्या बिअरच्या वेळची अर्धी पुडी फ्रीजमध्ये पडलेली होती, तोंड दुमडून वरून कपड्यांचा चिमटा लावलेला. मी हिशोब असा केला की एक पूर्ण पुडी वीसेक लिटरला चालते, मग बारा लिटरला अर्धी पुरंल की, आणि ते दाणे सरळ बादलीत भुरभुरवले आणि झाकण लावलं. वर्ट तेव्हा २६-२७ अंशावर होतं, थंड व्हायची वाट बघायला पण थांबलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काहीच नाही. एअरलॉक, म्हणजे झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची नळी, मुका. तिसऱ्या दिवशी पहाटे एक बुडबुडा, मग दहा-पंधरा सेकंदांनी अजून एक, असं रडतखडत पाच-सहा दिवस चाललं आणि मग थांबलं. नवव्या दिवशी मोजलं तर १.०४२. थांबलो. पंधराव्या दिवशी १.०४२. एकविसाव्या दिवशी पण १.०४२. हिशोब करा, नव्वदातले फक्त अठ्ठेचाळीस पॉइंट खाल्ले, म्हणजे ५३ टक्के, जिथं ह्या यीस्टनं पाऊणशेच्या वर जायला हवं होतं. चाखून बघितली तर ओठाला ओठ चिकटत होता, काकवीत दारू घातल्यासारखी चव, आणि घशाखाली उतरताना नेलपॉलिशसारखा एक वास. मी तिथंच ठरवून टाकलं की यीस्ट मेलेलं आलं.

माझे दाजी बेकरीवाले आहेत, इथंच सोलापुरात, पाव, खारी, टोस्ट आणि गोड बन करतात. मी ताईकडे गेलो होतो तेव्हा सहज विषय निघाला, मी म्हटलं, "अहो दाजी, यीस्ट खराब निघालं माझं." त्यांनी पहिला प्रश्न विचारला साखर किती होती, दुसरा विचारला यीस्ट किती टाकलं. मी सांगितलं तर ते हसले नाहीत की काही नाही, हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ बे, पावाच्या कणकेला जेवढं यीस्ट घालतो तेवढंच मी गोड बनाला घातलं तर बन फुगतच नाही. साखर पाणी ओढून घेती. गोड पिठाला यीस्ट जास्तच लागतं, हे आमच्याकडं नवीन पोरगं पण आठ दिवसात शिकतंय."

मी बरंच काय काय वाचलं होतं, पण हे एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. कैरीच्या फोडींना मीठ-गूळ लावून ठेवला की तासाभरात ताटलीत पाणी सुटतं ना, तेच यीस्टच्या पेशीचं होतं. बाहेर साखर दाट, आतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसते. त्यात कोरडं यीस्ट म्हणजे आधीच वाळवलेलं, त्याचं बाहेरचं आवरण पाणी पिऊन परत नीट व्हायला काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांत आपण त्याला पाकात टाकलं तर बऱ्याच पेशी तिथंच मरतात. म्हणजे अर्धी पुडी टाकली असं मी म्हणतोय पण कामाला लागलं असंल पाव पुडीच. ज्या वाचल्या त्यांना आधी आपली संख्या वाढवायची, मग साखर खायची, आणि जसजसं अल्कोहोल वाढतं तसं तेच त्यांच्या जिवावर उठतं. थोडक्या माणसांवर मोठं काम टाकलं की जे होतं तेच. शिवाय गरम वर्टमध्ये अशी ओढाताण झाली की यीस्ट जड अल्कोहोल आणि इथाइल ॲसिटेट सोडतं, तो नेलपॉलिशचा वास ह्या इथाइल ॲसिटेटचाच.

आणि ती उघडलेली पुडी. कंपनीचं म्हणणं स्पष्ट आहे की एकदा फोडली की हवा लागू न देता ४ अंशाला ठेवा आणि सात दिवसांत संपवा. माझी चाळीस दिवस पडली होती.

आता किती यीस्ट लागतं ह्याचा हिशोब, हा एकदा समजून घेतला की आयुष्यभर पुरतो. ब्रूअर लोक असं धरतात की साध्या एल बिअरला दर मिलीलिटरला, दर डिग्री प्लेटोला साडेसात लाख पेशी. डिग्री प्लेटो म्हणजे शंभर ग्रॅम वर्टमध्ये किती ग्रॅम साखर. स्ट्राँग बिअरला साडेसातच्या जागी दहा लाख धरायचे. आता साधी बिअर १.०४५ ची, म्हणजे साधारण ११.२ प्लेटो, बारा लिटरला शंभर अब्ज पेशी लागतात. माझी १.०९० ची म्हणजे साडेएकवीस प्लेटो, तेवढ्याच बारा लिटरला २५८ अब्ज. भांडं तेच, लिटर तेच, आणि यीस्ट अडीचपट! मी लिटर मोजत होतो आणि मोजायची होती साखर, सगळी चूक ह्या एका वाक्यात आहे. कंपनी पण १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम असं सांगते, ते नेहमीच्या वर्टचं. १.०७० च्या वर गेलात की त्यातला वरचा आकडा पण कमीच पडतो असं धरा.

पुडीत नक्की किती जिवंत पेशी असतात ह्यावर लोक वाद घालतात. कंपनी जो आकडा छापते ती कमीत कमीची हमी, प्रत्यक्षात ताज्या पुडीत बऱ्याच जास्त निघतात, म्हणून वेगवेगळे कॅल्क्युलेटर वेगवेगळं उत्तर देतात. मी त्या भांडणात पडत नाही. बारा लिटर स्ट्राँगला दोन ताज्या पुड्या, तेवीस ग्रॅम, संपला विषय. थोडं जास्त झालं तर एवढ्या दाट बिअरला काही बिघडत नाही, कमी पडलं तर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

दुसरी बॅच मी जानेवारीत केली, गड्ड्याच्या दिवसांत. सोलापूरकरांना सांगायला नको, सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांत, आणि रात्रीची जी काही थंडी वर्षात आपल्या वाट्याला येते ती तेव्हाच. एल यीस्टला १८-२० अंश हवेत आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा टेंपरेचर कंट्रोलर लावलेला फ्रीज नसंल तर डिसेंबर-जानेवारी हाच काय तो सीझन. त्यात हे पण लक्षात घ्या की यीस्ट जोरात असतं तेव्हा बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर जातं. खोली २२ म्हणजे आत २६-२७.

ह्यावर माझा उपाय अस्सल सोलापुरी आहे. मोठ्या घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात बादली, आणि बादलीभोवती आपली जुनी सोलापुरी चादर ओली करून गुंडाळायची, खालचं टोक पाण्यात बुडलेलं. चादर पाणी वर ओढत राहते, समोर टेबल फॅन. आपली हवा कोरडी, त्यामुळं पाणी पटापट उडतं आणि बादली गार पडते, मुंबईच्या दमट हवेत हे एवढं चालणार नाही. जाड विणीची चादर पाणी धरून ठेवते म्हणून दुसऱ्या कापडापेक्षा ती बरी, टॉवेल मी करून बघितलाय, दोन तासात कोरडा होतो. बादलीवर चिकटपट्टीचा थर्मामीटर होता, चार दिवस १९ ते २० च्या मध्ये आकडा राहिला. लाईट गेली तेव्हा बर्फ जमवलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या घमेल्यात सोडल्या. आईनं चादर दिली खरी पण सांगून दिली की डाग पडला तर धुवायची तूच.

आता यीस्ट भिजवायचं, हा भाग मी सावकाश सांगतो कारण बहुतेक लोक हा वगळतात आणि साध्या बिअरला वगळला तर चालतं पण, दाट वर्टला मात्र वगळू नका. वजनाच्या दहापट पाणी, म्हणजे तेवीस ग्रॅमला २३० मिली. पाणी दहा मिनिटं उकळलं, झाकून २८ अंशावर आणलं. कंपनी २५ ते २९ सांगते. पुड्या आधी तासभर फ्रीजबाहेर काढून ठेवल्या होत्या म्हणजे एकदम गारठ्यातून कोमटात जायला नको. कात्री आणि पुडीचं तोंड सॅनिटायझरनं पुसलं, मोठ्या काचेच्या बरणीत पाण्यावर दाणे पसरून भुरभुरवले आणि हात लावला नाही. पहिल्यांदा ते सगळे वर तरंगत राहतात, वाळू सांडल्यासारखे. पाच मिनिटांनी कडेकडेनं ओले होऊन गडद व्हायला लागतात, मग एकेक ढेकूळ खाली बसतं आणि बसताना मागं दुधाळ धूर सोडतं, उजेडासमोर बरणी धरली की दिसतो. पंधरा मिनिटांनी बरणी हलकेच गोल फिरवली तर सगळं सायीसारखं एकजीव झालं. वास आंबिलीचा. अगदी रात्रभर ठेवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीचा, आई स्वयंपाकघरातून म्हणाली पण, आंबील लावलीस का रे म्हणून.

मग लगेच बादलीत ओतलं नाही. बरणीत आधी तीन-चार चमचे वर्ट घातलं, पाच मिनिटं थांबलो, परत घातलं. कोमटातून एकदम १८ अंशाच्या गार पाकात टाकलं की यीस्टला धक्का बसतो, दोघांत दहा अंशाच्या वर फरक नको. आणि ओतायच्या आधी वर्ट दोन बादल्यांत वरून खाली, वरून खाली असं आठ-दहा वेळा ओतलं, फेस येऊस्तोवर, चहावाला चहा उंच धरून ओततो तसं. ह्याचं कारण ऑक्सिजन. यीस्टला नव्या पेशी करायला, त्यांची आवरणं मजबूत करायला सुरवातीला ऑक्सिजन लागतो, कोरड्या यीस्टमध्ये त्या आवरणांना लागणाऱ्या स्निग्ध घटकांचा थोडा साठा कारखान्यातच भरलेला असतो त्यामुळं साध्या बिअरला एवढी गरज नसते, पण दाट वर्टमध्ये हवा कमी विरघळते आणि काम जास्त असतं. हे सगळं यीस्ट टाकायच्या वेळीच, एकदा आंबायला लागल्यावर हवा लागू द्यायची नाही, नाहीतर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

दुसरा बदल गुळाचा. पहिल्या वेळी गूळ सुरवातीलाच उकळीत घातला होता. गुळातली साखर सोपी असते, यीस्ट आधी ती खातं आणि माल्टमधली माल्टोज खायची यंत्रणा तोपर्यंत बंद ठेवतं. ताईची पोरं बघा, जेवणाआधी जिलेबी दिली की मग भाकरीला तोंड लावत नाहीत, तोच प्रकार. म्हणून ह्या वेळी नुसत्या माल्टचं वर्ट घेतलं, १.०७४, आणि ते सहाशे ग्रॅम गूळ वेगळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी फेस खाली बसायला लागला तेव्हा गूळ थोड्या पाण्यात उकळून, पूर्ण गार करून हळू ओतला. एकूण हिशोब तेवढाच, १.०९० चा, पण यीस्टवर पहिल्याच दिवशी सगळा भार आला नाही.

आणि काय सांगू, सात तासांत एअरलॉक बोलायला लागला. रात्री दोनला मला आवाजानं जाग आली, टपटपटप असा न थांबता, जाऊन बघतो तर एअरलॉकमधून तपकिरी फेस वर येतोय आणि झाकण फुगलंय, वीस लिटरची बादली, बारा लिटर माल, तरी. घाईघाईनं एअरलॉक काढून जाड नळी लावली आणि दुसरं टोक पाण्याच्या तांब्यात सोडलं. तुम्ही दोन पुड्या टाकणार असाल तर ही नळी पहिल्या दिवसापासूनच लावा. चादरीच्या मोरावर फेस पडला तो पडलाच, दोनदा धुतली तरी एक फिकट डाग राहिलाय.

पाचव्या दिवसानंतर चादर काढून टाकली आणि तापमान आपोआप २२ पर्यंत चढू दिलं, शेवटी शेवटी यीस्ट दमतं तेव्हा थोडी ऊब दिली की उरलेली साखर संपवतं आणि स्वतः सोडलेले वासही खाऊन घेतं. बाराव्या दिवशी १.०२२. अठराव्या दिवशी १.०२०, पंचविसाव्या दिवशी तेच. ७८ टक्के, बरोब्बर पुडीवाल्यांनी सांगितल्याएवढं, आणि अल्कोहोल सव्वानऊच्या आसपास. चव आधीच्या बॅचशी तुलनाच नको. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा कडवटपणा आधी, मग कॉफी, मग मागून गूळ, पण गोडी नाही, गुळाचा नुसता वास राहिलेला. जळजळ नाही. दाजींना थोडी दिली, त्यांनी घोट तोंडात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "आता बन फुगला."

पहिल्या अडकलेल्या बॅचचं काय केलं हे कुणी विचारेल म्हणून सांगतो. त्यात सरळ नवी पुडी टाकून फारसा उपयोग नसतो, सहा टक्के अल्कोहोलमध्ये कोरडं यीस्ट नीट जागं होत नाही. मी एक लिटर पातळ वर्ट केलं, १.०४० चं, त्यात एक पुडी सोडली, दुसऱ्या दिवशी ती अगदी फेसावर असताना सगळंच्या सगळं बादलीत ओतलं आणि बादली २२-२३ अंशावर ठेवली. १.०४२ वरून १.०३० पर्यंत आली, तिथं थांबली. पिण्यालायक झाली, पण ती नेलपॉलिशची कडा गेली नाही.

तिसरी बॅच म्हणजे पैसे वाचवायचा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. एका पुडीची किंमत आपल्याकडं चांगल्या हॉटेलात एका माणसाचं जेवण होईल एवढी पडते, दोन पुड्या म्हणजे जिवावर येतं हे मला कळतं. तर आधी एका पुडीत एक हलकी बिअर करायची, १.०४५ ची. मी त्यात ज्वारीला मोड आणून वाळवून थोडी मिसळली होती, मंगळवेढ्याची मालदांडी, छान कोरडी चव येते. ती दोन आठवड्यांत बाटलीत भरली की बादलीच्या तळाशी जे दाट यीस्ट बसलेलं असतं ते म्हणजे सोनं. पुडीतल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, ताज्या, आणि वर्टची सवय झालेल्या. त्यातला एक मोठा मग भरून, अडीचशे मिलीच्या आसपास, त्याच दिवशी स्ट्राँग वर्टमध्ये टाकला. चार तासांत सुरू! १.०९० वरून १.०१९ ला उतरली. स्वच्छता मात्र तेवढीच पाळायला लागते, आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं मी ब्रूइंगचा दिवस पाणी यायच्या दिवसाला जोडूनच धरतो, आणि उजनीचं असो नाहीतर बोअरचं, क्लोरीन असेल तर आदल्या रात्री उघडं ठेवतो आणि मग उकळतो. स्ट्राँग बिअरच्या तळाचं यीस्ट मात्र परत वापरू नका, ते पार दमलेलं असतं, हलकीकडून भारीकडे जायचं, उलटं नाही.

आता दुकान आणि कुरिअरबद्दल, कारण लोक तिथंच फसतात. नाव घेत नाही. एका ऑनलाईन दुकानातून मी एप्रिलच्या शेवटी दोन पुड्या मागवल्या होत्या, साध्या पाकिटात आल्या, आइस पॅक नाही की काही नाही, आणि कुरिअरवाल्यांच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तीन दिवस पडून होत्या, मी रोज फोन करतोय आणि रोज उद्या. हातात आल्या तेव्हा एक पुडी मऊ होती. दाबली आणि मऊ, भुसभुशीत लागली तर आत हवा गेलेली असू शकते. कंपनी पण मऊ झालेली पुडी वापरू नका म्हणून सांगते. मी दुकानाला फोटो पाठवला, दोन मेल केले, उत्तर नाही. एकवेळ पैसे गेले तरी चालतील, पण ज्याला हे माहीत नाही तो बिचारा चार-पाच किलो माल्ट आणि अख्खा दिवस त्यात घालवणार, ह्याचा मला राग येतो. तेव्हा उन्हाळ्यात मागवूच नका. नोव्हेंबर ते जानेवारीत मागवा, हातात येताच दाबून बघा, तारीख बघा, आणि फ्रीजच्या आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, दार सारखं उघडतं. न फोडलेली पुडी अशी छान टिकते.

किराणा दुकानात ब्रेडचं यीस्ट मिळतं, तेच टाकलं तर काय होतं असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. जात तीच आहे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, पण ते पीठ फुगवायला निवडलेलं. बिअरमध्ये ते खाली नीट बसत नाही आणि कधी लवंगेसारखा वास सोडतं. दाजी स्वतः म्हणाले माझ्याकडचं नेऊ नको.

बाटलीत भरताना अजून एक. एवढी स्ट्राँग बिअर महिनाभर बादलीत राहिली की उरलेलं यीस्ट थकलेलं असतं, मग बाटलीत गॅस धरायला महिने लागतात. मी भरायच्या वेळी साखरेबरोबर चिमूटभर ताजं यीस्ट भिजवून घातलं, तीन आठवड्यांत गॅस आला. पण त्याआधी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं रीडिंग घेऊन खात्री करा की खरंच संपलंय, अडकलेली बिअर बाटलीत भरली आणि ती आत परत सुरू झाली तर बाटली फुटते. आणि घाई नको, दुसऱ्या बॅचची शेवटची बाटली मी आषाढी झाल्यावर उघडली, सहा महिन्यांची, आणि ती फेब्रुवारीतल्या बाटलीपेक्षा कितीतरी गोल लागत होती.

यीस्टला माझ्याकडून पाचपैकी पाच. त्या दुकानाला एक, तो पण पुडी पोचली म्हणून. ह्या वर्षी चार पुड्या मागवणार आहे, दिवाळी झाल्याबरोबर, दोन माझ्या आणि दोन शेजारच्या जुळे सोलापूर भागातल्या मित्राच्या, त्याचं वर्ट १.१०० चं होणार म्हणतोय. त्याला मी आत्तापासून सांगतोय, दोन पण कमी पडतील, तीन घे.